उजेड आणि ऊन : सातारा-सांगली परिसरातील घरे व घरातील रोपे

मराठीत उजेड आणि ऊन हे दोन वेगळे शब्द आहेत. घराच्या इतिहासाचा विचार करताना हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. घरात उजेड आला म्हणजे माणसाचे काम भागते. रोपाचे भागतेच असे नाही. मध्यान्हीच्या उघड्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्सपर्यंत जाते, तर खिडकीपासून दूर असलेल्या माजघरात ती काही शे लक्स एवढीच असते. मानवी डोळा दोन्हींशी सहज जुळवून घेतो, म्हणून माजघर 'चांगले उजेडाचे' वाटते. तुळस मात्र फसत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पारंपरिक घरबांधणीत हा भेद कसा हाताळला गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या परिसराच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके कमी पावसाचे. तेथे मातीच्या सपाट छपराची, म्हणजे माळवदाची घरे बांधली जात. माळवदाला उजेडासाठी एक छिद्र ठेवत, त्यास साणे म्हणतात. साण्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. त्याने स्वयंपाकाची जागा दिसते, धूर बाहेर जातो, वेळही कळते. परंतु एका जागी तो इतका थोडा काळ टिकतो की त्याखाली रोप वाढणे कठीण. माळवदाच्या घरातील तुळस म्हणूनच अंगणात असते. साणे हे उजेडाचे साधन होते, उन्हाचे नव्हे.

ऊन घरात आणले ते वाड्याने. वाई तालुक्यातील मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील उदाहरण. चित्रपटांमुळे आता तो अनेकांच्या परिचयाचा झाला आहे, पण ते अलीकडचे. या वाड्यात सहा चौक आहेत. चौक म्हणजे चारही बाजूंनी सोपे व खोल्या असलेला, वरून उघडा भाग. रस्त्याकडे भक्कम भिंती ठेवून सारा उजेड, वारा आणि पाऊस आतल्या बाजूने घ्यायचा, ही वाड्याची रचना. संरक्षण आणि खासगीपणा हे तिचे उघड हेतू होत. या रचनेमुळे घराच्या भिंतींच्या आतच आकाशाचा एक तुकडा राहिला आणि वृंदावनाला जागा मिळाली.

परंतु चौक उघडा आहे एवढ्याने ऊन मिळत नाही. साताऱ्याचे अक्षांश सुमारे 17.7 अंश उत्तर आहेत. मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. दुसऱ्या वेळी तो बहुधा पावसाळी ढगांआड असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र भर दुपारीदेखील त्याची उंची सुमारे 49 अंशच असते. अशा वेळी चौकाच्या दक्षिणेकडील दुमजली भागाची वळचण वीस फूट उंच असेल, तर तिची सावली चौकात सतरा फुटांहून अधिक पसरते. म्हणजे लहान चौकात हिवाळी ऊन केवळ उत्तरेकडच्या पट्ट्यात जमिनीला टेकते. आता वृंदावन चार फूट उंच आहे असे धरू. तुळशीच्या पातळीवर तीच सावली चौदा फुटांवर थांबते. साडेतीन फूट ऊन अधिक मिळते.

ही उंची प्रकाशाचे गणित मांडून ठरवली गेली, असे म्हणण्यास आधार नाही. तुळस पूज्य, म्हणून ती उंचावर. पाय लागू नये, प्रदक्षिणा घालता यावी, ही कारणे पुरेशी आहेत. 'पूर्वजांना सर्व विज्ञान ठाऊक होते' या प्रकारची विधाने इतिहासाला उपकारक नसतात. मात्र न वाढणारी तुळस घरातील स्त्रियांच्या रोज नजरेस पडत असणार, आणि अनेक पिढ्यांच्या अशा पाहण्यातून वृंदावनाची जागा पक्की होत गेली असणार, हे अनुमान अवास्तव ठरू नये.

या पाहण्याला त्याच घरात दुसरी बाजूही होती. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. शेतातील माती, तीवर गहू, ज्वारी इत्यादी धान्य, मधोमध पाण्याचा घट. आणि हे सर्व अंधाऱ्या देवघरात. नऊ दिवसांत अंकुर उंच वाढतात, पण ते फिकट पिवळे असतात. सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्यास प्रकाश लागतो. तो नसल्यास अंकुर दाण्यातील साठ्यावर लांबत जातो. दसऱ्याला हेच पिवळे तुरे देवाला वाहतात, टोपीत-फेट्यात खोवतात. येथे पिवळेपणा दोष मानला जात नाही, उलट तोच अपेक्षित असतो. चौकातील हिरवी तुळस आणि देवघरातील पिवळे धान, दोन्ही एकाच छपराच्या घरात, दरवर्षी.

काचेतून ऊन घेण्याची रीत वेगळ्या वाटेने आली. 1860-61 मध्ये दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे भारतात आणताना वॉर्डच्या काचपेट्या वापरल्या गेल्या. पुढे महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही सिंकोनाची लागवड करून पाहण्यात आली, ती फसली. त्या पेटीचे तत्त्व, म्हणजे ऊन आत आणि वारा-पाऊस बाहेर, आज दोन्ही जिल्ह्यांतील पॉलिहाउसमध्ये दिसते. 2005-06 मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाल्यानंतर अनुदानामुळे जरबेरा व ढोबळी मिरचीसाठी अशी शेडे वाढली. उन्हाळ्यात मात्र आत सावलीची जाळी ओढावीच लागते. मिरज तालुक्यातील पानमळ्यांत हे काम शेवरी, शेवगा व पांगारा पूर्वीपासून करीत आले आहेत.

वाड्यांचे काय झाले? 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात दगडमातीच्या असंख्य घरांची हानी झाली. सांगलीत 2005 व 2019 च्या महापुरांचे पाणी जुन्या वस्तीत शिरले. याहून संथ, पण अधिक व्यापक कारण वाटण्यांचे. भावाभावांत चौकाच्या मधोमध भिंत उभी राहते किंवा जागेच्या गरजेपोटी त्यावर पत्रा पडतो. चौक मोठी खोली होतो. ट्यूबलाइटमुळे तेथे उजेड भरपूर असतो. तुळस काही महिन्यांत विरळ, लांबट होते, आणि मग कुंडीतून गच्चीवर जाते. वाडा पाडताना त्याचे खांब, कोरीव तुळया विकल्या जातात, त्यांची किंमत होते. चौकाची रुंदी किती, वळचण किती उंच, वृंदावन कोणत्या बाजूस होते, ही मापे बहुधा कोणी टिपत नाही. काही घरांत पत्रा घालताना वृंदावनाच्या बरोबर वर फायबरचा एक पारदर्शक तुकडा बसवलेला दिसतो. दुपारी त्यातून कवडसा उतरतो आणि साण्यातल्या कवडशासारखाच थोड्या वेळात वृंदावनावरून पुढे सरकतो.