एक वर्ष साईटवर : सुरत, उकाई आणि आपली सिव्हिल इंजिनिअर मुलं



आपल्या मराठी घरांत "वर्ष वाया जाणं" याची जेवढी धास्ती असते तेवढी कर्जाचीसुद्धा नसते. (कर्जाचं मी खात्रीने सांगू शकतो, चौतीस-पस्तीस वर्षं बँकेत काढली आहेत.) आमच्या नात्यातली एक मुलगी यंदा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला गेली. तिथे अभ्यासक्रमाच्या मध्येच एक पूर्ण वर्ष कॉलेज सोडून कंपनीत, प्रत्यक्ष बांधकामावर काढायची सोय आहे. दोन पावांच्या मध्ये भाजी, म्हणून त्याला 'सँडविच' म्हणतात. सुंदरलँडच्या टेक्निकल कॉलेजात १९०३ मध्ये ही पद्धत सुरू झाली. मुलीने ते वर्ष घ्यायचं ठरवलं आणि फॅमिली ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "म्हणजे एक वर्ष फुकट?"

मी बी.कॉम. माणूस. पण सगळा जन्म सुरतेत गेला आणि धाकटा भाऊ इथलाच सिव्हिल इंजिनिअर. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी घरातच पाहिलेलं आहे. ते जरा इतिहासासकट सांगतो.

आपल्या देशात इंजिनिअरिंगचं शिक्षण मुळात साईटच्या पोटीच जन्माला आलं. गंगेचा मोठा कालवा खणायचा होता आणि माणसं नव्हती, म्हणून १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघालं. पुण्याला १८५४ मध्ये इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं तेही सरकारी बांधकामांवर लागणारे हाताखालचे लोक तयार करायला. त्याचंच पुढे आपलं सीओईपी झालं. म्हणजे आधी काम होतं, मग शाळा आली.

याच पुण्याच्या कॉलेजातून १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या पहिले आले आणि त्या जोरावर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. सुरुवातीची नेमणूक नाशिककडे, मग खानदेशात. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाच्या सायफनचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आपल्यातली निम्मी मंडळी धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली. त्यांनी हे मुलांना जरूर सांगावं. आणि सुरतकरांनी हेही सांगावं की १८९६ च्या सुमारास हेच विश्वेश्वरय्या आपल्या सुरतेत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे साजरा करताना इथे कोणालाच याची आठवण होत नाही.

आता आपल्या काळाकडे येतो. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. आम्ही सुरतेचे मराठी एका रात्रीत 'गुजरातमधले मराठी' झालो. त्याआधी आपल्याकडच्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर पुणे, मुंबई किंवा बडोदा. बडोद्याच्या कलाभवनाचा मान मोठा होता. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेचे पहिले प्रमुख प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर आपल्या सुरतेचेच. पण होस्टेल, खानावळ, येणंजाणं हा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नसे. १९६१ मध्ये डुमस रस्त्यावर इच्छानाथजवळ सरदार वल्लभभाई रीजनल कॉलेज सुरू झालं आणि चित्र पालटलं. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा तीन शाखा. निम्म्या जागा गुजरातच्या मुलांना, निम्म्या इतर राज्यांतल्या. आजचं एस.व्ही.एन.आय.टी. म्हणतात ते हेच. २००२ मध्ये त्याचं एन.आय.टी. झालं.

त्या दिवसांत सिव्हिलला फार मान होता, आणि त्याचं कारण तापी. ऑगस्ट १९६८ च्या पुरात मी अठरा वर्षांचा होतो. होपपुलाजवळ (तो १८७७ चा) लोक येऊन पाणी किती चढलं ते विचारायचे आणि घरी जाऊन धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढवायचे. वर उकाईला धरणाचं काम १९६४ पासून चालू होतं. सगळं शहर म्हणायचं, उकाई झालं की सुटलो. धरण १९७२ मध्ये पुरं झालं. लांबी जवळजवळ पाच किलोमीटर, मधे दगडी बांध आणि बाकी मातीचा. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ३४५ फूट. हा आकडा सुरतेत भाजीवालीलाही पाठ असतो.

तर आमचा भाऊ १९७० मध्ये त्या कॉलेजात सिव्हिलला लागला. टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्ड सायकलच्या कॅरिअरला बांधून जुन्या शहरातून निघायचा. अठवा गेट सोडलं की दोन्ही बाजूंना शेतं. अभ्यास पाच वर्षांचा. १९७५ मध्ये फर्स्ट क्लासने पास झाला, आणि नोकरी नाही! तोवर मी बँकेत चिकटलो होतो, पगार घरी येत होता. वडिलांच्या मनात तुलना चालू झाली हे सांगायला नको.

तेवढ्यात एक नवी वाट निघाली होती. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा. तो मूळ कारागिरांसाठी. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि डिप्लोमा झालेले इंजिनिअरही आले. एक वर्ष कामावर शिकायचं, स्टायपेंड मिळायचा, त्यातला निम्मा भार केंद्र सरकारचा. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधलेला नाही. वडिलांनी हे शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. "पाच वर्षं शिकून पुन्हा एक वर्ष उमेदवारी? मग कॉलेजात केलं काय?"

भाऊ गेला. उकाई-काकरापारच्या कालव्यांची कामं तेव्हा चालू होती, त्यांतल्या एका साईटवर. रविवारी घरी आला की जे सांगायचा त्यातलं बरंच मला अजून आठवतं.

पहिली गंमत मापांची. कॉलेजात सगळं मेट्रिकमध्ये शिकवलेलं, आणि साईट बोलायची फुटात आणि ब्रासमध्ये. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, मेट्रिकमध्ये साधारण २.८३ घनमीटर. खडीचा ट्रक आला की मुकादम ब्रास सांगणार, कागदावर घनमीटर लिहायचे, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पैसे पडायचे. ही फट ओळखणं हे त्याचं पहिलं शिक्षण.

दुसरं, मेजरमेंट बुक. साईटवर त्याला नुसतं 'एम.बी.' म्हणतात. रोज झालेलं काम जागेवर मोजून त्यात लिहायचं. ठेकेदाराचं बिल त्यावरूनच निघतं. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही. हे मी ऐकलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमचं लेजर! मला त्याचं इंजिनिअरिंग तेव्हा पहिल्यांदा समजलं. पुढे शाखेत बांधकामाची कर्जप्रकरणं आली तेव्हा मी अर्जदाराकडे अंदाजपत्रकाच्या आधी मोजमापं मागायचो, ते यामुळेच.

तिसरं शिक्षण दिलं एका मिस्त्रीने. साक्रीकडचा माणूस, बोलायचा अहिराणी, शाळा चौथीपर्यंत. भरावाची माती ओली किती असावी हे ठरवायला तो चिमूटभर माती तळहातावर वळून दोरा करायचा. दोरा तुटला तर पाणी कमी, लिबलिबला तर जास्त. भाऊने पुस्तकात प्लॅस्टिक लिमिटची चाचणी वाचली होती; त्यात मातीचा तीन मिलिमीटरचा दोराच वळायचा असतो. मिस्त्रीला नाव माहीत नव्हतं आणि भाऊच्या बोटांना दोरा माहीत नव्हता. वर्षभरात दोघांनी देवाणघेवाण केली. स्लम्पचा शंकू, काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते फोडून ताकद बघणं, हे त्याने मिस्त्रीला समजावलं.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. उकाईच्या पाण्याखाली दीडशेहून जास्त गावं गेली, बहुतेक आदिवासींची, काही आपल्या नंदुरबारकडची. कालव्यावर मजुरीला येणाऱ्यांत अशा गावांतले लोक होते. ज्यांची जमीन धरणात गेली, तेच दुसऱ्यांच्या शेताला पाणी नेणारा कालवा खणत होते. एका म्हाताऱ्याने भाऊला विचारलं होतं, "साहेब, हे पाणी आमच्याकडे कधी वळणार?" भाऊ त्या रविवारी नीट जेवला नाही. पुढे आयुष्यभर नकाशावर रेघ मारण्याआधी तो त्या जागी पायी जाऊन यायचा. आम्ही चेष्टा करायचो, पण त्याचं मूळ तिथे होतं.

आता या वर्षाचा घरगुती जमाखर्च. सुरतेच्या आसपास काळी माती आहे. पाऊस पडला की फुगते, उन्हात आकसते. त्या वर्षी भाऊने कालव्याचं अस्तर अशा मातीत उचललं जाऊन तडकलेलं पाहिलं होतं. १९८४ मध्ये आम्ही अडाजणला घर बांधायला घेतलं तेव्हा तो अडून बसला: साधा पाया चालणार नाही, अंडर-रीम्ड पाईल घालायचे. म्हणजे जमिनीत खोल भोक, तळाशी कांद्यासारखा फुगवटा, आणि घराचा भार जिथे माती ऋतूबरोबर हलत नाही त्या थरावर. रुरकीच्याच केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत पुढे आणली. खर्च वाढला. वडील चार दिवस बोलले नाहीत.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आमचा तळमजला गेला. फ्रिज, पलंग, माझे जुने बँकेचे कागद, सगळं गेलं. पाईलने पूर अडत नाही. पण पाणी ओसरून माती वाळायला लागली तेव्हा गल्लीतल्या भिंतींना तिरक्या भेगा पडल्या, दोन कंपाउंड वॉल कलल्या. आमच्या घराला भेग नव्हती. वडील तेव्हा हयात नव्हते. आई एकदाच म्हणाली, "त्याचं ते वर्ष कामाला आलं."

कायद्याने पदवीधर अ‍ॅप्रेंटिसला २०१९ च्या नियमांप्रमाणे महिना किमान ₹९,००० ठरले होते, आणि आज कॉलेजांत इंटर्नशिपही अभ्यासात धरली जाते. पण ओळखीच्या ठेकेदाराकडून शिक्का मारून सर्टिफिकेट आणणारी मुलंही मी पाहतो, आणि आणून देणारे बापही. साईटवर ऊन आहे, धूळ आहे, मुलीला कसं पाठवायचं ही काळजी आहे. ती खोटी नाही. म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न आलाय त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाला-मुलीला शिकवणारा एक ठरलेला इंजिनिअर आहे का? रोजची डायरी लिहून त्यावर त्याची सही होते का? राहण्याची, सुरक्षिततेची आणि स्टायपेंडची बोली लेखी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल पाठवा. नात्यातल्या त्या मुलीच्या आईला मी हेच लिहिलं. तिन्ही उत्तरं आली आहेत, पोरगी पुढल्या वर्षी साईटवर जाते आहे.

आपल्यापैकी कोणाचे वडील, काका, मामा उकाई-काकरापारवर होते किंवा सरदार कॉलेजच्या पहिल्या काही तुकड्यांत शिकले असतील, तर खाली जरूर लिहा. साईटवरचे जुने फोटो, एखादी डायरी असेल तर तीही टाका. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. विचारायचं असेल तर या दिवाळीतच विचारा.