प्राणिबंदिवास, करमणुकीसाठी

वन्य प्राण्यांना पकडून वा बंदिवासातच त्यांची पैदास करून, लोकांच्या मनोरंजनासाठी त्यांचे खेळ वा प्रदर्शन करणे, या प्रथेस करमणुकीसाठी प्राणिबंदिवास असे म्हणता येईल. दरवेशाचे अस्वल, मदाऱ्याचे माकड, सर्कशीतील वाघ-सिंह आणि पाश्चात्त्य देशांतील जलोद्यानांत उड्या मारणारे डॉल्फिन व ऑर्का (मारक देवमासा) ही तिची ठळक उदाहरणे होत. या प्रथेच्या नैतिक विचारात दोन निराळे प्रश्न नेहमी एकत्र गुंतलेले आढळतात. प्राण्याला खेळ शिकविताना त्याचा छळ होतो काय, हा पहिला. आणि छळ होत नसला, तरी त्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार मनुष्याला आहे काय, हा दुसरा. भारतीय कायद्याने प्रथम पहिल्या प्रश्नाची दखल घेतली. दुसरा प्रश्न उघडपणे पुढे येण्यास मुख्यत्वे ऑर्का कारणीभूत झाला. भारताच्या किनाऱ्यालगत क्वचितच दिसणाऱ्या या प्राण्यामुळे महाराष्ट्रातील एका प्रकल्पावरही परिणाम झाला.

जुने खेळ : वऱ्हाडात तेल्हारा, अकोट हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी असून त्यांच्या उत्तरेस मेळघाटाचे अरण्य आहे. वाघ, बिबट्या व अस्वल हे तेथील मूळ रहिवासी. समुद्र येथून शेकडो किमी. दूर, त्यामुळे जलोद्यान म्हणजे काय, हे या भागातील माणसास वाचूनच ठाऊक. प्राण्याचा खेळ मात्र त्याच्या दारात येत असे. दोरीला बांधलेले अस्वल घेऊन गावोगाव हिंडणारा दरवेशी, तसेच डमरू वाजवीत येणारा मदारी, ही आठवडी बाजाराच्या गावांतील परिचित दृश्ये होती. अस्वलाच्या केसांचा ताईत मुलाच्या गळ्यात बांधण्याची समजूतही या खेळाशी निगडित होती. अस्वल ‘नाचते’ असे प्रेक्षकास वाटे. प्रत्यक्षात पिलू असतानाच त्याच्या नाकपुडीला वा मुस्कटाला भोक पाडून दोरी ओवलेली असे आणि सुळे मोडलेले असत. दोरीला हिसका बसला, की वेदना टाळण्यासाठी ते मागच्या पायांवर उभे राही. पिलू हाती लागावे म्हणून बहुधा त्याच्या आईस मारले जाई. कलंदर जमातीत हा व्यवसाय वंशपरंपरेने चालत आला होता आणि दरवेशी स्वतः अतिशय दरिद्री असे, हेही येथे नमूद केले पाहिजे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अस्वल पकडणे बेकायदेशीर ठरले. तथापि हा खेळ पुढे तीसहून अधिक वर्षे रेंगाळला. कलंदरांना पर्यायी व्यवसाय देऊन अस्वले सोडवून घेण्याची मोहीम २००२ नंतर वेगाने झाली व २००९ च्या अखेरीस रस्त्यावरील नाचरे अस्वल भारतातून जवळजवळ नाहीसे झाले.

मराठी सर्कस : आधुनिक भारतीय सर्कशीचा उगम महाराष्ट्रात झाला. तिचे आद्य प्रवर्तक विष्णुपंत छत्रे हे मुळात अश्वविद्येतील जाणकार. १८७९ च्या सुमारास मुंबईत आलेली किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस त्यांनी पाहिली. भारतीयांना असे खेळ जमणार नाहीत, हे त्याचे उद्‌गार त्यांना झोंबले, अशी आख्यायिका आहे. पुढे लवकरच त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. छत्रे बंधूंच्या मागोमाग देवल, कार्लेकर, शेलार इत्यादींच्या सर्कशी निघाल्या. तेल्लिचेरी येथील कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी छत्रे यांची गाठ पडल्यानंतर केरळमध्ये कसरतपटूंची परंपरा निर्माण झाली [→ सर्कस]. पारतंत्र्याच्या त्या काळात सिंहाच्या पिंजऱ्यात शिरणारा मराठी गडी हा देशाभिमानाचा विषय होता. सिंहाचे काय होत असेल, हा विचार त्या टाळ्यांच्या कडकडाटात कोणाच्या मनात आला नसल्यास नवल नाही.

या परंपरेतील सर्वश्रेष्ठ हिंस्रपशुशिक्षक दामू धोत्रे (१९०२–७३) हे होत. पुण्यात जन्मलेले धोत्रे आपल्या मामांच्या शेलार सर्कशीत बालपणीच दाखल झाले. पुढे ते फ्रान्समधील आल्फ्रेड कोर्ट यांच्याकडे गेले आणि १९४० मध्ये त्यांच्यासमवेत अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स या जगप्रसिद्ध सर्कशीत आले. बिबटे, काळे बिबटे, जॅग्वार, प्यूमा अशा परस्परांशी न जमणाऱ्या प्राण्यांना ते एकाच रिंगणात खेळवीत. चाबकाच्या धाकापेक्षा प्राण्याचा स्वभाव ओळखण्यावर त्यांचा भर असे. त्यांचे उदाहरण प्रस्तुत विषयात फार मोलाचे आहे. शिक्षक असा असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी मिळते. पण खेळ संपल्यावर बिबट्या ज्या पिंजऱ्यात परत जातो, त्याची लांबी-रुंदी शिक्षकाच्या ममत्वाने वाढत नाही. सर्कस सतत प्रवासात असल्यामुळे तिचे पिंजरे मालगाडीत वा मालमोटारीत मावतील एवढेच असावे लागत.

कायदा : प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये स्थापन झाली व १८९० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तद्विषयक कायदा झाला. त्याचा रोख प्रामुख्याने ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांवर होता. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकातून या प्रश्नास चालना मिळाली आणि प्राणिक्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० संमत झाला. यातील पाचवे प्रकरण खेळातील प्राण्यांविषयी आहे. खेळ करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, एवढेच सांगून ते थांबत नाही. कोणत्या प्राण्याचे खेळ अजिबात होऊ नयेत, हे अधिसूचनेने ठरविण्याचा अधिकार कलम २२ ने केंद्र सरकारला दिला. हा अधिकार तीस वर्षे जवळजवळ वापरलाच गेला नाही. याच प्रकरणातील कलम २७ ने शैक्षणिक वा शास्त्रीय हेतूने प्राणी ठेवणाऱ्या प्राणिसंग्रहालयांना मात्र सूट दिली आहे.

२ मार्च १९९१ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व कुत्रा यांचे खेळ बंद करण्यात आले. सर्कसमालकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. फेरविचारानंतर १४ ऑक्टोबर १९९८ रोजी नवी अधिसूचना निघाली. तीतून कुत्रा वगळला गेला व सिंहाचा समावेश झाला. हत्ती यादीत नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने जून २००० मध्ये ही अधिसूचना ग्राह्य ठरविली. अरुंद पिंजरे, भीती, भूक व वेदना यांत जगणाऱ्या प्राण्यांच्या स्थितीवर न्यायालयाने कठोर शब्दांत भाष्य केले आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या घटनात्मक हक्काचा आधार या धंद्यास मिळू शकत नाही, असा निर्णय दिला. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. येथे बंदिवासाचा उल्लेख आला असला, तरी निर्णयाचा पाया छळ हाच होता. सर्कसमालकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता : शेकडो कुटुंबांचे पोट या धंद्यावर होते व वाघ-सिंह गेल्यास तंबू ओस पडेल, असे ते म्हणत. त्यांचे भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले.

ऑर्काचा बंदिवास : ऑर्का हा डॉल्फिन कुलातील सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर सु. ६ ते ८ मी. लांब असतो. हा प्राणी कळपाने राहतो; ईशान्य पॅसिफिकमधील मासे खाणाऱ्या कळपांत तर मुलगे व मुली आयुष्यभर आईसमवेत राहतात. प्रत्येक कळपाची आवाजांची बोली वेगळी असते. तो दिवसात शंभराहून अधिक किमी. अंतर पोहू शकतो. मुक्त समुद्रात ऑर्काने माणसास ठार मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही.

त्याच्या बंदिवासाचा आरंभ काहीसा विचित्र आहे. १९६४ मध्ये व्हँकूव्हर येथील मत्स्यालयाला ऑर्काचा पूर्णाकृती पुतळा करावयाचा होता व नमुन्यादाखल एक प्राणी मारून आणण्यास माणसे पाठविण्यात आली. भाला लागूनही तो मेला नाही, म्हणून त्याला जिवंतच बंदरात आणले गेले. ‘मोबी डॉल’ या नावाने तो सु. तीन महिने जगला. त्याला पाहण्यास लोटलेल्या गर्दीने हा प्राणी पैसा मिळवून देऊ शकतो, हे दाखवून दिले. १९६५ मध्ये पकडलेली ‘शामू’ सॅन डिएगोच्या ‘सी वर्ल्ड’मध्ये खेळ करू लागली, ती १९७१ मध्ये मरण पावली, परंतु तिचे नाव पुढील ऑर्कांना देणे चालूच राहिले. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह येथे मोठा कळप जाळ्यांनी घेरून लहान पिले वेगळी काढण्यात आली. जाळ्यात गुदमरून मेलेली पिले ओझी बांधून बुडविल्याचे नंतर उघडकीस आले. लोकक्षोभामुळे १९७६ नंतर तेथील धरपकड थांबली, तेव्हा व्यापारी आइसलँडच्या समुद्राकडे वळले.

ऑर्काच्या शिक्षणात चाबूक नव्हता. योग्य हालचाल केली, की शीळ व मासा. न केली, तर काहीच नाही. एवढ्या प्रचंड प्राण्याला पाण्यात मारहाण करणे शक्यही नव्हते. शिक्षक त्याच्यावर माया करीत, हेही नाकारता येत नाही. तरीही टाकीच्या कडा चावून दात झिजणे, नराचा पाठीवरील पर कलंडणे, वेगवेगळ्या समुद्रांतून आणलेल्या प्राण्यांची आपसांत झुंज होणे, माय-लेकरांची ताटातूट असे प्रकार नित्याचे होते. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेल्या ‘टिलिकम’ या नराचा तीन माणसांच्या मृत्यूंशी (१९९१, १९९९, २०१०) संबंध आला. यांतील शेवटचा मृत्यू एका अनुभवी शिक्षिकेचा होता. २०१३ मध्ये त्याच्यावर निघालेल्या ‘ब्लॅकफिश’ या अनुबोधपटाने जनमत ढवळून निघाले. मार्च २०१६ मध्ये सी वर्ल्डने ऑर्कांची पैदास थांबविल्याचे जाहीर केले. कॅनडाने जून २०१९ मध्ये देवमासे व डॉल्फिन यांच्या करमणुकीसाठीच्या बंदिवासास कायद्याने मनाई केली. छळाचा पुरावा मागणाऱ्यास येथे दोरी, अंकुश किंवा व्रण दाखविता येत नव्हते. दोष टाकीतच होता. दामू धोत्रे यांच्या पिंजऱ्याने जो प्रश्न हळूच सुचविला होता, तो येथे टाळता येईना.

भारतातील निर्णय : चेन्नईजवळील एका जलोद्यानात १९९८ मध्ये बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मरण पावले होते. असे असूनही पुढील दशकात केरळ, महाराष्ट्र इ. राज्यांत डॉल्फिनगृहांचे प्रस्ताव निघाले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात पर्यटन विकास महामंडळाने ‘सी वर्ल्ड’ प्रकल्प योजिला. त्यास झालेला स्थानिक विरोध मुख्यतः जमिनी जातील, या भीतीतून होता. डॉल्फिनची बाजू मांडण्याचे काम प्राणिमित्र संघटनांनी केले. याच किनाऱ्यावर होडीतून मोकळे डॉल्फिन दाखविण्याचा धंदा मच्छीमार करीत असता, बंदिस्त डॉल्फिनसाठी कोट्यवधी रुपये खर्चण्याची कल्पना चमत्कारिकच म्हटली पाहिजे. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून देवमासे व डॉल्फिन यांची आयात वा धरपकड करून खेळगृहे उभारण्यास अनुमती देऊ नये, असे राज्यांना कळविले. हे प्राणी अत्यंत बुद्धिमान व संवेदनशील असल्याने मानवेतर ‘व्यक्ती’ म्हणून त्यांचा विचार व्हावा, या शास्त्रज्ञांच्या मताचा त्यात उल्लेख असून करमणुकीसाठी त्यांना कोंडणे नैतिक दृष्ट्या अग्राह्य मानले आहे. १९९८ च्या अधिसूचनेहून हा दृष्टिकोण मूलतः वेगळा आहे.

पाळीव प्राण्यांना हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. विदर्भातील शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यती) बाबतीत हे दिसून आले. २०११ च्या अधिसूचनेत बैलाचा समावेश झाला व सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. परंतु महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्ती कायद्याला त्याच न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्यता दिली. वाद येथे छळापुरताच मर्यादित राहिला.

मुक्ततेनंतर : बंदी घातल्यावर प्राण्याचे पुढे काय, हा प्रश्न कायद्याहून अवघड ठरला आहे. सर्कशींतून काढलेल्या वाघ-सिंहांसाठी तिरुपती, विशाखापट्टनम्, बन्नेरघट्टा इ. ठिकाणी बचाव केंद्रे उभारण्यात आली. यांतील बरेच सिंह आशियाई व आफ्रिकी सिंहांच्या संकरातून झालेले असल्याने गीरच्या वनात त्यांना स्थान नव्हते. त्यांची पुढील पैदास थांबविण्यात आली व ते केंद्रांतच वृद्ध होऊन मेले. ‘केइको’ या ऑर्काला अनेक वर्षांच्या तयारीनंतर २००२ मध्ये आइसलँडजवळ समुद्रात सोडण्यात आले. तो पोहत नॉर्वेपर्यंत गेला, पण तेथे एका खाडीत शिरून माणसांच्या होड्यांजवळ घुटमळू लागला व डिसेंबर २००३ मध्ये मरण पावला. पेन कोव्ह येथे १९७० मध्ये पकडलेली ‘टोकिटे’ मायामी येथील सु. २४ मी. लांबीच्या टाकीत अर्धशतकाहून अधिक काळ राहिली. तिला मूळ समुद्रात नेण्याची योजना मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती त्या टाकीतच मरण पावली.