विठ्ठलवाडीत राहून हाफ मॅरेथॉनची तयारी कशी कराल?

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून 16 आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा शेवट येतो. म्हणजे सराव ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू होणार. सूर्य वर यायच्या आत धावून घरी परतायचं.

आठवड्यातून तीनदा धावणं पुरेसं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा-पाऊण तास, रविवारी लांब पल्ला. सलग 5 किलोमीटर जमत असतील, तर पहिल्या रविवारी 6 धावा आणि पुढे आठवड्याला एकच किलोमीटर वाढवा. दर चौथ्या रविवारी अंतर कमी करा. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी 16 किलोमीटर झाले की बस. मग सराव निम्म्यावर आणा. उरलेले पाच त्या दिवशी निघतात.

वेग? धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. नवखे धावपटू नेमके इथेच घाई करतात आणि गुडघा किंवा नडगी धरून बसतात. सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभ्याने केलेला प्रवासही पाय थकवतो, तेव्हा अशा दिवशी सराव बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नका. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी आधीच तपासणी करावी.

आणखी एक. हाफची शर्यत माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. दादरला गाडी बदलत वेळेत पोहोचण्याची धाकधूक नको असेल, तर आदल्या रात्री तिकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठोका.