देह, कर्तव्य आणि आत्मविश्वास : खानदेशातील तीन परंपरांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शरीर सुदृढ करणे ही वरवर पाहता व्यक्तीची खासगी बाब वाटते. तथापि शरीर कोणासाठी कमवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाज आपल्या कर्तव्यविषयक कल्पनेतून देत असतो. फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिन येथे खुले व्यायाम-मैदान सुरू केले, ते फ्रेंच वर्चस्वाखालील जर्मन तरुणांत राष्ट्रभावना जागविण्यासाठी. त्याच शतकाच्या अखेरीस यूजीन सँडो याने पिळदार शरीर हे प्रदर्शनाचे व व्यक्तिगत यशाचे साधन बनविले. मराठीत या विषयाची चर्चा बहुधा पुणे, अमरावती व बडोदे येथील तालमींभोवती फिरते. प्रस्तुत लेखात खानदेश, व त्यातही ब्राह्मणपुरीसारखी गावे ज्यात येतात तो शहादा तालुका आणि लगतचा तळोदा परिसर केंद्रस्थानी ठेवून, देहसुधारणेच्या तीन परंपरांचा विचार केला आहे.

१. वसाहतवादी कवायत :

१८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्यातील भिल्लांचा प्रतिकार केवळ लष्करी मोहिमांनी मोडत नाही, हे लक्षात आल्यावर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार १८२५ मध्ये ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभारण्यात आली. तिची जबाबदारी जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे होती. भिल्लांमध्ये राहून, त्यांच्याबरोबर शिकार करून त्याने त्यांचा विश्वास संपादन केला. धरणगाव हे या दलाचे मुख्य ठाणे झाले.

येथे भिल्लांच्या शारीरिक क्षमतेविषयी शंका नव्हती. ती सत्तेला परिचितच होती. प्रश्न होता तो ती क्षमता कोणाच्या आज्ञेत राहील हा. नियमित वेतन, गणवेश आणि कवायत यांमुळे शिपायास प्रतिष्ठा लाभली, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच्या कर्तव्याची व्याख्या सरकारने केली होती आणि या दलाचा वापर भिल्लांचीच बंडे शमविण्यासाठीही झाला. हा आत्मविश्वास म्हणजे सत्तेने दिलेली व सत्तेला परत घेता येणारी वस्तू होती.

२. राष्ट्रीय शिक्षणातील व्यायाम :

विसाव्या शतकाच्या आरंभी याच खानदेशात दुसरी परंपरा रुजली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले होते. पुढे अमळनेर येथील राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात त्यांनी अध्यापक म्हणून काही वर्षे घालविली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून यौगिक क्रियांचे प्रयोगाधिष्ठित विवेचन सुरू केले.

या विचारात व्यायाम हे राष्ट्राप्रती कर्तव्य होते. दुर्बलतेचा वसाहतवादी आरोप त्यातून खोडून काढावयाचा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता यांच्यासह पाच कुमार हुतात्मा झाले. त्यांचे धैर्य आखाड्यात घडले असे म्हणण्यास आधार नाही. मात्र देह राष्ट्रकार्यास वाहण्याची कल्पना शाळकरी मुलांपर्यंत किती खोलवर पोहोचली होती, हे त्यावरून दिसते. या परंपरेची मर्यादाही स्पष्ट आहे. ती प्रामुख्याने शिकलेल्या, शहरी वर्गाची होती. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या शरीरास निराळ्या व्यायामाची गरज नव्हती. त्याची गरज वेगळी होती.

३. आदिवासींची देहशुद्धी :

ही वेगळी गरज तिसऱ्या परंपरेने ओळखली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मोहाची दारू घरी गाळण्यावर निर्बंध आले आणि आदिवासी मक्तेदाराच्या गुत्त्याशी बांधला गेला. गुत्त्यातून कर्ज आणि कर्जातून जमिनीची हानी, अशी ही साखळी होती. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून बागलाण, खानदेश, डांग व दक्षिण गुजरातेत पसरलेल्या ‘देवी’ चळवळीने दारू व मांस वर्ज्य करण्याचा, नित्य स्नानाचा व स्वच्छतेचा आदेश दिला. १९३० च्या दशकात तळोदा परिसरातील मोरवड (रंजनपूर) येथील गुलाम महाराजांनी हाच विचार पुढे नेला. परस्परांना ‘आप’ म्हणून संबोधावे, हा त्यांचा आग्रह होता. १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराज यांनी कार्य चालू ठेवले.

या आचारास केवळ उच्चवर्णीयांचे अनुकरण म्हणणे अपुरे ठरते. डेव्हिड हार्डिमन यांनी ‘देवी’ चळवळीच्या अभ्यासात (१९८७) दाखविल्याप्रमाणे, वरिष्ठांची मूल्ये आत्मसात करून आदिवासींनी समानतेवर हक्क सांगितला आणि दारूविक्रेत्यांच्या सत्तेवर आघात केला. ज्यास आजवर ‘अरे’ म्हणून हाक मारली जात होती, त्याने शेजाऱ्यास ‘आप’ म्हणणे ही साधी शिष्टाचाराची बाब नव्हती.

याचे पडसाद १९७२ च्या शहादा चळवळीत उमटले. अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व व श्रमिक संघटनेचे कार्य यांतून जमीन आणि मजुरी यांचे प्रश्न पुढे आले. आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. त्यांच्यासाठी दारूबंदी हा मारहाणीपासून स्वतःच्या देहाच्या रक्षणाचा प्रश्न होता. पूर्वीच्या देहशुद्धीच्या विचारास त्यांनी दिलेला हा नवा अर्थ होय.

निष्कर्ष :

१) तिन्ही परंपरांत शिस्त समान आहे, भेद आहे तो कर्तव्य कोण ठरवितो यात. कवायतीत ते राज्यकर्त्याने, राष्ट्रीय शिक्षणात नेतृत्वाने, तर देहशुद्धीत मुख्यतः समूहाने स्वतः ठरविले.

२) आत्मविश्वास हा केवळ बलवर्धनाचा परिणाम नव्हे. भिल्ल शिपाई बलवान होता, तरी स्वाधीन नव्हता.

३) व्यायामाचा इतिहास आखाड्यापुरता मर्यादित ठेवल्यास श्रमिकांचा व स्त्रियांचा देहविचार त्यातून निसटतो. स्नान, व्यसनमुक्ती आणि सन्मानाचे संबोधन यांनाही शारीरिक उन्नतीच्या इतिहासात स्थान देणे आवश्यक ठरते.