खोबण आणि खुंटी
नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमने ‘इक्लिप्स’ हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन सर्वांसाठी खुले केले. नाव ग्रहणाचे, जावा या प्रोग्रामिंग भाषेची तेव्हाची मालक कंपनी ‘सन’ (सूर्य), त्यामुळे अनेकांना त्यात टोमणा दिसला.

खरी गंमत आतल्या सुतारकामात होती. गाभा अगदी छोटा, बाकी सगळे प्लग-इन. एकाने आपल्या एक्सएमएल फाइलमध्ये खोबण जाहीर करायची, दुसऱ्याने तिच्यात खुंटी बसवायची. जावाचा एडिटरही असाच बाहेरून बसवलेला!

मग लोक एडिटर वगळून उरलेल्या सांगाड्यावर भलतीच अॅप्लिकेशन्स उभारू लागले. २००४ च्या ३.० आवृत्तीने या उद्योगाला ‘रिच क्लायंट प्लॅटफॉर्म’ म्हणून रीतसर मान्यता दिली.

इक्लिप्सची जावा-साधने घडवण्यात पुढे असलेले एरिक गामा नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. २०१५ मध्ये आलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा एडिटर त्यांच्याच चमूचा.