कातळावरचं नाव

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. कॅनडात, मॅनिटोबातलं चर्चिल. अवाढव्य चाकांच्या बसमध्ये तुम्ही काचेला नाक लावून बसला आहात. बाहेर एक पांढरं अस्वल खुशाल लोळतंय. उन्हाळ्यात इथल्या उपसागराचं बर्फ वितळलं, तेव्हापासून सीलची शिकार बंद. पाणी गोठेपर्यंत असंच दिवस काढायचे.

आता मागे चला. घड्याळ राहू द्या, पाणी बघा. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली ही जमीन अजून वर येतेय, शंभर वर्षांत साधारण एक मीटर. म्हणजे तुम्ही मागे सरकाल तसं पाणी चढत जाणार.

१९९६. वापुस्क राष्ट्रीय उद्यानाची सीमा नकाशावरून पुसली जाते. क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरं अस्वल. माद्यांनी तळ्याकाठी खोदलेली बिळं मात्र जागच्या जागी. नकाशाचं त्यांना काय! १९२९. रेल्वेचे रूळ गेले. १७८२चा ऑगस्ट. चर्चिल नदीच्या मुखाशी तीन फ्रेंच जहाजं. प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यावर चाळीस तोफा, पण त्या चालवायला पुरेशी माणसंच नाहीत. गोळा न डागता किल्ला गेला. तो ताब्यात देणारा सॅम्युएल हर्न.

त्यालाच गाठायचंय, पण तरुणपणी.

१ जुलै १७६७. स्लूप कोव्ह. मघाशी इथे गवत होतं, आता तुमचे बूट भिजलेत. कातळात ठोकलेल्या लोखंडी कड्यांना जहाजं बांधायची ही जागा. बाविशीचा हर्न गुडघ्यावर बसून छिन्नी चालवतोय. ठक्, ठक्. राखाडी कपच्या उडताहेत. शेजारी १७४१ साली इथे हिवाळा काढलेल्या जहाजांची नावं कोरलेली आहेत. पोरगा त्यांच्या पंगतीला बसू बघतोय.

पुढे हा बीव्हर पाळणार आहे. बीव्हरच्या कातड्यांवर जगणाऱ्या कंपनीचा हा नोकर, आणि याचे बीव्हर हाक मारली की येणार, भात आवडीने खाणार! हे त्याला आत्ता सांगावंसं वाटतं. कोरलेलं नाव पुढे पर्यटक वाचतील हेही. पण तुमच्या मानेवर, कानात, पापण्यांवर डास बसलेत. तोंड उघडलं तर आत जातील.

हर्न छिन्नी खाली ठेवतो. कराकरा मान खाजवतो. पुन्हा हातोडी उचलतो.