अमेरिकी फुटबॉल : ड्राफ्टचे पूर्वानुमान

कोणता व्यावसायिक संघ कोणत्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूची निवड करील, याचे पूर्वानुमान वर्तविण्याची प्रथा अमेरिकेत रूढ आहे. तेथील राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. आता ३२ संघ सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला प्रथम संधी मिळते.

संघातील उणिवा, खेळाडूची महाविद्यालयीन कामगिरी, तसेच इंडियानापोलिस येथील चाचणी शिबिरातील ४० यार्डांची धाव व वैद्यकीय तपासणी हे अंदाजाचे मुख्य आधार होत. मात्र संघ आपापसांत निवडीच्या संधींची अदलाबदल करतात आणि एका अनपेक्षित निवडीने पुढील सारे अंदाज कोलमडतात.

निवडीच्या क्रमावर पहिल्या कराराची रक्कम अवलंबून असल्याने क्रमातील घसरण खेळाडूला महागात पडते. शेडूर सँडर्स याची निवड पहिल्या फेरीत होईल, असे २०२५ मध्ये अनेकांनी वर्तविले होते. प्रत्यक्षात ती पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर झाली.

तथापि, वरचा क्रमांक ही यशाची हमी नव्हे. १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ अपयशी ठरला, तर २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या टॉम ब्रेडीने सात वेळा सुपर बोल जिंकला.